धोक्याची घंटा कुणाला ऐकू येते?

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर, दीड-दोनच्या सुमारास आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी त्या वेळी दिलेल्या माहितीत एक तपशील होता आणि तो बातम्यांच्या गर्दीत फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. दहापैकी तीन बाळे भाजून गेली होती, उरलेली सात धुराने गुदमरून. आग लागल्याचे कळले ते ड्यूटीवरच्या परिचारिकेला कक्षातून धूर येताना दिसला तेव्हा.

आगीत माणूस जळून मरतो अशी आपली समजूत असते. सिनेमाने ती पक्की केली आहे. प्रत्यक्षात बंद जागेतल्या आगीत बहुतेक बळी धुराचे असतात. मुंबईच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री १४ जण गेले, त्यातले बरेचसे स्वच्छतागृहात सापडले. ज्वाळांपासून लांब म्हणून ते तिकडे धावले होते, धूर मागोमाग आला. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली ५९ प्रेक्षक दगावले, तेही मुख्यतः गुदमरून. आग खाली तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती आणि माणसे मेली वर बाल्कनीत.

धुरात मारणारे दोन वायू मुख्य. पहिला कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. हिमोग्लोबिनच्या खुर्च्या त्याने अडवल्या की ऑक्सिजनला बसायला जागाच राहत नाही. त्याला ना रंग ना वास. आधी डोके दुखते, मळमळते, मग विचार गोंधळतो. माणूस दाराकडे जायचे सोडून कपाट उघडून कागदपत्रे शोधत बसतो आणि मग पाय उचलेनासे होतात. करोनाकाळात घरोघरी आलेले बोटावरचे ऑक्सिमीटरही इथे फसते. ते या विषारी जोडीला ऑक्सिजनच समजते आणि ९८ टक्के दाखवते. त्यामुळे आगीतून बाहेर काढलेल्या माणसाचे ऑक्सिमीटर बघून ‘ठीक आहे, घरी न्या’ असे कुणी म्हणू नये. दुसरा वायू हायड्रोजन सायनाइड. फोमच्या गाद्या, नायलॉनचे पडदे, काही प्लॅस्टिक जळताना तो निघतो. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. आजोबांच्या घरात कापसाच्या गाद्या आणि शिसवी लाकूड होते. आताच्या सजवलेल्या फ्लॅटमध्ये फोम, रेक्झिन, लॅमिनेट, कृत्रिम धाग्याचे पडदे. अशी खोली पेट घेतल्यापासून पूर्ण भडकायला चार-पाच मिनिटेसुद्धा पुरतात.

तान्ह्या बाळाचे गणित आणखी वाईट. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, नवजात बाळ ४० ते ६० वेळा. वजनाच्या मानाने बाळ कितीतरी जास्त हवा आत ओढते, म्हणजे तितकाच जास्त धूर. त्याला उठून पळता येत नाही आणि त्याचे रडणे काचेच्या दारापलीकडे पोहोचत नाही.

मग वेळेवर कळवणार कोण? नाकावर भरवसा ठेवता येत नाही. झोपेत वासाची जाणीव जवळजवळ बंद असते. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी झोपलेल्या माणसांच्या नाकाशी पुदिन्याचा आणि एका उग्र, किळसवाण्या रसायनाचा वास सोडून पाहिला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात गाढ झोपेतली माणसे त्या घाण वासानेही जागी झाली नाहीत, आवाजाने मात्र झाली. ‘काही जळले तर वासाने जाग येईलच’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हणत असते. जाग येत नाही. करोनानंतर ज्यांचा वास पूर्ण परतला नाही, किंवा वयामुळे कमी झाला आहे, त्यांना तर जागेपणीही गॅसची गळती कळत नाही.

नाशिकला या विषयाची ओळख आगीशिवाय झाली. २१ एप्रिल २०२१ ला दुपारी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाच्या आवारातील द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. आवारभर पांढरे धुके पसरलेले दृश्य सगळ्या देशाने पाहिले. ते धुके ऑक्सिजनचे नव्हते, ऑक्सिजनला रंग नसतो. द्रव ऑक्सिजनचे तापमान उणे १८३ अंश सेल्सियस असते. तो बाहेर पडताच हवेतले बाष्प गोठून ढग झाला. एक लिटर द्रवापासून साडेआठशे लिटरहून जास्त वायू होतो, म्हणजे त्या ढगातून किती श्वास वाया जात होते याची कल्पना करावी. अग्निशमन दलाच्या जवानांनी त्या धुक्यात शिरून गळती थांबवली. पण तोवर वॉर्डांमधल्या नळीतला दाब पडला होता. त्या दिवशी २२ रुग्ण दगावले, पुढे ही संख्या २४ वर गेली.

रुग्णालयाच्या भिंतीतून जाणाऱ्या ऑक्सिजनच्या नळीत साधारण चार बारचा दाब असतो. तो ठरावीक पातळीखाली, बहुतेक मानकांप्रमाणे २० टक्क्यांनी, उतरला की परिचारिकांच्या टेबलाजवळच्या पॅनेलवर लाल दिवा आणि बजर सुरू व्हावा अशी रचना असते. टाकीजवळ एक मुख्य पॅनेल आणि प्रत्येक विभागात एक छोटे. शेजारी भरलेल्या सिलिंडरची राखीव फळी असते आणि मुख्य पुरवठा खचला की तिने भार उचलायचा असतो. कागदावर हे सोपे दिसते. पण बजर वाजल्यानंतर किती वेळ मिळतो? निरोगी माणसाच्या शरीरात एकूण एक-दीड लिटर ऑक्सिजन साठलेला असतो आणि विश्रांतीतही मिनिटाला पाव लिटर खर्च होतो. म्हणजे चार-पाच मिनिटांची शिदोरी. करोनाने फुप्फुसे भरलेल्या, यंत्रावर टिकून असलेल्या रुग्णाजवळ तेवढीही नसते. त्याचा ऑक्सिजन मिनिटभरात घसरू लागतो. एका वॉर्डात असे वीस रुग्ण आणि दोन परिचारिका असतील, तर बजर वाजल्यावर कोण कुठे धावणार हे आधी ठरलेले नसले की तो बजर नुसता आवाज ठरतो.

त्या वर्षी महाराष्ट्रातली रुग्णालये एकामागून एक पेटली. जानेवारीत भंडारा, मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधले रुग्णालय, २३ एप्रिलला विरार, पाच दिवसांनी मुंब्रा, ६ नोव्हेंबरला नगरचे जिल्हा रुग्णालय. विरारला पहाटे अतिदक्षता विभागातल्या १३ रुग्णांचा मृत्यू झाला, नगरला भर सकाळी ११ जणांचा. प्रत्येक ठिकाणी चौकशी झाली, ‘फायर ऑडिट’ हा शब्द पुन्हा चलनात आला. अतिदक्षता विभाग पेटतात याला कारणे आहेत. यंत्रे चोवीस तास चालू, एसीवर ताण, एकाच सॉकेटवर तीन-तीन जोडण्या आणि हवेत नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. त्यात थोडी भर पडली तरी चादर, पडदा, प्लॅस्टिक चटकन पेट घेते आणि जोरात जळते.

सरकारी रुग्णालयात वावरलेल्या कुणालाही एक गोष्ट माहीत असते. आपल्याकडे रुग्णाची घंटा म्हणजे त्याचा नातेवाईक. सलाईन संपली की आई किंवा भाऊ धावत येतो, ‘सिस्टर, बाटली संपली’. रात्री धाप लागली की पायाशी चटई टाकून झोपलेला मुलगा उठतो. खाटेजवळ बेलचे बटण बसवलेले असले तरी ते बिघडलेले किंवा तारेसह वर गुंडाळून ठेवलेले असते, आणि कुणाचे फारसे अडत नाही. अडते ते अतिदक्षता कक्षात, कारण तिथे नातेवाईकाला आत सोडत नाहीत. नवजात कक्षातल्या बाळाची आई बाहेर असते. संसर्ग टाळण्यासाठी ते योग्यच आहे. पण माणसाची घंटा बाहेर ठेवली की आत यंत्राची घंटा असायलाच हवी, आणि तिच्या आवाजाला उठणारे माणूसही. ही अदलाबदल आपल्या अनेक इमारतींत अर्धवट झाली आहे. कक्ष आधुनिक झाले, इशारा मात्र जुन्या चटईवरच्या माणसाच्या भरवशावर राहिला.

खाटेवरच्या बेलची कल्पना नवी नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५३ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयाची आखणी करताना लिहून कळवले होते की रुग्णांच्या सगळ्या घंटा परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्यात आणि प्रत्येक घंटेला एक झडप असावी. घंटा वाजली की ती उघडेल आणि उघडीच राहील, म्हणजे कुणी बोलावले ते परिचारिकेला दिसेल. आज दारावर पेटून राहणारा दिवा म्हणजे तीच झडप. त्याच सुमारास, १८५२ साली, अमेरिकेतल्या बोस्टन शहराने रस्तोरस्ती तारेने जोडलेल्या आगीच्या पेट्या बसवल्या. पेटीतली कळ फिरवली की मुख्य केंद्रात कुठल्या पेटीतून संदेश आला ते कळायचे. ती पद्धत शोधणाऱ्या दोघांपैकी विल्यम चॅनिंग हे वैद्यकीय पदवीधर होते. शरीरातल्या मज्जातंतूंसारखेच शहरालाही तारांचे जाळे हवे, ही उपमा त्यांना सुचणे साहजिकच.

धूर ओळखणारे यंत्र मात्र अपघाताने सापडले. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडचे वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे यंत्र बनवत होते. वायूला यंत्र दाद देईना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली आणि काटा हलला. छतावर दिसणारी पांढरी तबकडी त्या काट्याची वंशज आहे. आज बहुतेक तबकड्यांच्या पोटात एक छोटा अंधारा कप्पा आणि प्रकाशाची तिरीप असते. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, तो बाजूच्या संवेदकावर पडतो आणि घंटा वाजते. स्वयंपाकघरात धूर शोधणारी तबकडी लावत नाहीत, तिथे तापमान ओळखणारी लावतात. याचे कारण प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. लसूण-मिरचीच्या फोडणीने घरातली माणसे जशी खोकतात तशीच ती तबकडीही खोकते.

आणि इथेच सगळा घोटाळा सुरू होतो. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर या भागांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांत तळमजल्यावर फायर पॅनेल असते, जिन्याजवळ काच फोडून दाबायचा लाल डबा असतो, भोंगे असतात. पहिल्या वर्षी कुणाच्या तरी नूतनीकरणाची धूळ तबकडीत जाते आणि रात्री अकराला भोंगा वाजतो. पावसाळ्यात डेंग्यूसाठी धूरफवारणी होते, पुन्हा भोंगा. कुणी देवघरात धूप घालतो, कुणाचे पोर गंमत म्हणून लाल डबा दाबते. चौथ्या वेळी समितीचे सचिव रखवालदाराला सांगतात, ‘ते बंद करून ठेव’. आवाजाचे बटण दाबले जाते आणि पॅनेलवर एक पिवळा दिवा लागतो. तो मग दोन-तीन वर्षे लागलेलाच असतो. येणारे-जाणारे त्याला देवघरातल्या दिव्यासारखे सरावतात.

या सरावण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, ‘अलार्म फटीग’, इशाऱ्यांचा थकवा. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर झालेल्या वेगवेगळ्या अभ्यासांत वाजणाऱ्या इशाऱ्यांपैकी ७२ ते ९९ टक्के फसवे किंवा बिनमहत्त्वाचे आढळले आहेत. बोटावरचे क्लिप सरकले, रुग्णाने कूस बदलली, वाजले. दिवसभरात शेकडो वेळा ऐकलेला आवाज मेंदू गाळून टाकायला शिकतो, आणि एकदा खरा आलेला आवाजही त्या गाळात जातो. यात परिचारिकेचा आळस शोधणे चुकीचे आहे. मेंदूचा हा स्वभावच आहे, घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येईनाशी होते तसाच. उपाय यंत्राकडे करावा लागतो. मर्यादा रुग्णानुसार बदलणे, क्लिप आणि पट्ट्या वेळेवर बदलणे, तबकड्या साफ करणे, चुकीच्या जागी लावलेली तबकडी हलवणे. इमारतीलाही तेच लागू आहे. वारंवार खोटी वाजणारी घंटा दुरुस्त करायची असते. ती बंद केली की पुढच्या वेळी खरा धूर गुपचूप वर चढतो.

घंटा वाजली तरी माणसे हलतीलच असेही नाही. १९६८ साली अमेरिकेत लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोक खोलीत अर्ज भरत बसले होते आणि भिंतीच्या फटीतून धूर सोडला गेला. खोलीत एकटा माणूस असताना चारपैकी तिघांनी बाहेर जाऊन सांगितले. पण सोबत गप्प बसून राहणारे दोन जण मुद्दाम बसवले, तेव्हा दहापैकी एकानेच सांगितले. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने झटकत अर्ज भरत राहिले. शेजारी उठत नाही म्हणजे काही नसेल, हा हिशेब सोसायटीच्या जिन्यातही रोज चालतो. दार किलकिले करून समोरच्या फ्लॅटकडे पाहायचे, तेही आपल्याकडे पाहत असतात, मग दोन्ही दारे बंद.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या एका भुयारी रेल्वे स्थानकावर झालेल्या चाचणीत नुसती घंटा वाजवली तेव्हा लोकांना हलायला आठ मिनिटांहून जास्त लागले. ध्वनिक्षेपकावरून ‘काय झाले आहे आणि कुठून बाहेर पडा’ हे स्पष्ट सांगितले तेव्हा सव्वा मिनिटात लोक निघाले. म्हणून मोठ्या इमारतींत भोंग्याच्या जोडीला बोलता आवाज हवा, आणि तो इथल्या लोकांच्या भाषेत. दोन सेकंदांच्या मराठी वाक्याने, ‘तिसऱ्या मजल्यावर धूर आहे, पूर्वेच्या जिन्याने खाली या’, जे काम होते ते शंभर डेसिबलच्या भोंग्याने होत नाही.

आवाजाचा स्वरही महत्त्वाचा. स्वस्त घरगुती तबकड्या तीन हजार हर्ट्झच्या आसपास किंचाळतात. वय वाढते तसे नेमके हेच उंच स्वर ऐकू येणे आधी कमी होते. साठीनंतरच्या माणसाला कुकरची शिट्टी आणि पक्ष्यांचा आवाज मंद होतो, तीच गत या किंचाळण्याची. ऑस्ट्रेलियातील संशोधनात ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज झोपलेल्यांना जास्त चांगला जागे करतो असे दिसले आणि अमेरिकेच्या नियमांत झोपण्याच्या जागांसाठी तो घेतला गेला. लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचे कान उत्तम, पण झोप दगडासारखी. ओहायोतल्या एका बालरुग्णालयाने ५ ते १२ वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात नेहमीच्या घंटेने निम्म्याच्या आसपास मुलेच जागी झाली, आईच्या आवाजातल्या सूचनेने दहापैकी सुमारे नऊ. भोंगा वाजला तर मुले आपोआप उठून येतील असे धरून चालू नये. त्यांना उचलायला कुणी जायचे हे घरात ठरलेले असावे. झोपेची गोळी घेणारे, दारू प्यायलेले, श्रवणयंत्र काढून झोपणारे आजोबा यांच्याबाबतही तेच.

नाशिकच्या हिवाळ्यात आणखी एक बिनआवाजाचा धोका घरात येतो. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या की बाथरूमची खिडकी बंद होते आणि आत गॅस गीझर पेटतो. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि आंघोळीला गेलेला धडधाकट तरुण माणूस बाहेर येत नाही. दार फोडल्यावर तो निपचित सापडतो. बऱ्याचदा त्याचे निदान आधी ‘चक्कर’ किंवा ‘फिट’ असे होते. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्या कुटुंबांचेही असेच. छतावरची धुराची तबकडी हा वायू ओळखत नाही, कारण त्यात कणच नसतात. त्याला वेगळा, रासायनिक संवेदक लागतो आणि तो बाजारात मिळतो. पण त्याहून स्वस्त उपाय म्हणजे गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणे. सिलिंडरचा गॅस पुन्हा वेगळा. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून त्याचा संवेदक छताला लावून उपयोग नाही, ओट्याखाली खालच्या बाजूला लावावा लागतो. आणि तो वाजला तर पंख्याचे किंवा दिव्याचे बटण दाबू नये, ना चालू करायला ना बंद करायला. खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर पडावे.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. त्यात इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे सोसायटीत सभासदांवरच टाकलेली आहे. दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र अग्निशमन दलाला द्यायचे असते. अनेक ठिकाणी ते मिळते, पण यंत्रणा न वाजवताच. तपासणीच्या दिवशी एका तबकडीजवळ धूर सोडून भोंगा खरोखर सगळ्या मजल्यांवर वाजतो का, वीज तोडल्यावर बॅटरीवर चालतो का, लाल डबा दाबल्यावर पॅनेलवर मजल्याचा क्रमांक दिसतो का, एवढे दोन सभासदांनी उभे राहून पाहिले तरी कागद आणि वस्तुस्थितीतले अंतर लगेच कळते. हिरवा दिवा म्हणजे वीज आहे, पिवळा म्हणजे यंत्रणेत बिघाड, लाल म्हणजे आग. रात्रपाळीच्या रखवालदाराला हे तीन रंग माहीत असायला हवेत. तो बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो, त्यामुळे सांगणेही तितक्याच वेळा करावे लागते.

जुन्या नाशकातल्या वाड्यांना आणि तीन मजली सोसायट्यांना अशी यंत्रणा नसते. तिथे बॅटरीवर चालणारी एकेकटी तबकडी बसवता येते. झोपण्याच्या खोलीबाहेर, छताच्या मध्याजवळ. महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवून पाहायची आणि दहा वर्षांनी बदलायची. अमेरिकेतल्या आकडेवारीत चालू तबकडी असलेल्या घरांत आगीतील मृत्यूचे प्रमाण नसलेल्या घरांच्या निम्म्याहून कमी दिसते. आपल्या घरांची बांधणी वेगळी, खिडक्या उघड्या, त्यामुळे तोच आकडा इथे लावता येणार नाही. पण रात्री दारे-खिडक्या लावून एसीत झोपणारे घर आता इथेही नवे राहिलेले नाही, आणि रात्रभर चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटऱ्याही जिन्याखाली आल्या आहेत.

इशारा मिळाल्यावर बाहेर कळवणे हा दुसरा टप्पा. त्यातही उशीर होतो. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तळघरातला धूर वातानुकूलनाच्या वाटांनी वर चढला आणि नव्वदच्या वर माणसे गेली. शेजारच्या वस्तीतल्या लोकांना धूर आधी दिसला होता. ते मदतीला आले तेव्हा रखवालदारांनी त्यांना परत पाठवले, आणि अग्निशमन दलाला बोलावण्यातही वेळ गेला, असे तेव्हा समोर आले. आधी आपण विझवून पाहू, उगाच बोभाटा नको, हा विचार रुग्णालयांत आणि हॉटेलांत फार असतो. लंडनच्या विम्पोल स्ट्रीट या डॉक्टरांच्या गल्लीत नोव्हेंबर १९३५ मध्ये एका कानाच्या शल्यचिकित्सकाच्या घराला आग लागली आणि पाच स्त्रिया गेल्या. समोरच्या दंतवैद्याने फोन लावला होता, पण एक्स्चेंजवर त्याला रांगेत थांबावे लागले. त्याने वर्तमानपत्राला संतापून पत्र लिहिले, चौकशी झाली आणि १९३७ मध्ये तिथे ९९९ हा जगातला पहिला आणीबाणीचा क्रमांक सुरू झाला.

आपल्याकडे अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी २०१४ पासून १०८ आणि सर्व सेवांसाठी मिळून ११२. फोन लागल्यावर घाबरलेला माणूस ‘लवकर या, आग लागली’ एवढेच म्हणून ठेवून देतो. गाडी निघते, पण कुठे? शहराचा भाग, रस्ता, इमारतीचे नाव आणि विंग, जवळची खूण, कितवा मजला, आत कुणी अडकले आहे का, अंथरुणाला खिळलेले किंवा घरी ऑक्सिजनवर असलेले कुणी आहे का, हे सांगून समोरच्याने ‘ठीक’ म्हटल्यावरच फोन ठेवावा. शिंगाडा तलावाच्या मुख्य केंद्रातून निघालेला बंब वाहतूक कापत गल्लीच्या तोंडाशी येतो आणि तिथे दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारींमुळे अडतो, हे दृश्य नाशिककरांना नवे नाही.

रुग्णालयांत क्रम थोडा वेगळा. धूर दिसताच जवळच्या रुग्णाला आधी त्या खोलीतून काढायचे, त्याच वेळी लाल डबा दाबायचा, निघताना दार ओढून घ्यायचे आणि त्या खोलीच्या ऑक्सिजनची झडप बंद करायची. जिन्याने खाली पळवायचे नसते. यंत्रावरच्या रुग्णाला जिन्याने उतरवणे दोघा-चौघांचे काम आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो. आधी त्याच मजल्यावर, आगीला थोपवणाऱ्या दारापलीकडच्या भागात आडवे हलवायचे. ती दारे धूर अडवण्यासाठी असतात, पण गर्दी आवरायला कुलूप लावून किंवा वारा यावा म्हणून पायात वीट घालून ठेवलेली आढळतात. ऑक्सिजनची झडप कुठे आहे, ती बंद केली तर आणखी कुठल्या खाटांचा पुरवठा थांबेल आणि राखीव सिलिंडरची चावी कुणाकडे असते, हे रात्रपाळीच्या सर्वांत नव्या परिचारिकेलाही माहीत असावे लागते. भंडाऱ्याची आग रात्री दीड-दोनला लागली, विरारची पहाटे तीनच्या सुमारास. सराव कवायत मात्र बहुतेक ठिकाणी सकाळी अकराला होते, सगळे वरिष्ठ हजर असताना. ती एकदा रात्री दोनला, आहे तेवढ्याच माणसांवर, आगाऊ न सांगता करून पाहिली तर किती मिनिटे लागतात ते घड्याळात दिसेल.